शेवटच्या मतदानाचा शनिवार

माझ्या नवऱ्याने, वर्न हॅल्व्हर्सनने, मला शब्द दिला होता. वीस गुणांची आघाडी झाली की तो स्वतः कोचकडे जाऊन सांगणार होता, आता मला बाकावर बसवा. मध्यंतराला आमच्या टॅल्मन कॉलेजचे सत्तावीस झाले होते, समोरच्या पोरांचा भोपळाही फुटला नव्हता, आणि तरी मध्यंतरानंतर मैदानात उतरणाऱ्यांत त्याचा चव्वेचाळीस नंबर होताच.

"उतरला," मी म्हणाले.

"उतरणारच. माझाही उतरलाय," विल्मा म्हणाली. "आणि तू अशी एकटक बघू नकोस गं बाई, भोकं पाडशील त्याच्या पाठीला."

विल्मा कुझिक माझी शेजारीण. युद्धावरून परतलेल्या, लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजने नदीकाठी पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांची वस्ती उभी केली होती. तिच्या आणि आमच्या खोलीत एकाच पत्र्याचा आडोसा. तिचा स्टॅन घोरायला लागला की आमची तान्ही करीन जागी व्हायची. स्टॅन आणि वर्न एकाच फुटबॉल संघात; आमच्याकडे हा खेळ चेंडू हातात धरून खेळतात. स्टॅन पुढे समोरच्यांची भिंत फोडायचा आणि वर्न चेंडू पोटाशी धरून त्या भगदाडातून घुसायचा. डोकं खाली घालून. डोक्यावर काय, तर चामड्याची टोपी.

गेल्या शनिवारी कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. थोडा वेळ तो गवतावर बसून राहिला, मग कुणीतरी शुद्धीवर आणायची, हुंगायची बाटली नाकाशी धरली, आणि तो पुन्हा खेळला. घरी आला तेव्हा हसत होता. त्या दिवसापासून मी बघत होते. बघणं हाच माझा धंदा झाला होता. करीन झोपली की तिची छाती वरखाली होते का बघायचं, रॉकेलच्या शेगडीची ज्योत निळी आहे का बघायचं, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलंय का बघायचं. कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. तिथेही हेच, काचेखाली ठेवायचं आणि बघत बसायचं. वर्न उजेडाकडे पाठ करून जेवत होता. एकच प्रश्न दोनदा विचारत होता. बुधवारी त्याने करीनला त्याच्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि चूक त्याच्या लक्षातही आली नाही. बूट चढवायला वाकला, तो वर उठताना भिंत धरून तसाच उभा राहिला.

"डॉक्टरांना सांग," मी म्हणाले.

"सांगायचं काय? त्यांनी तपासलं ना. वार विचारला, राष्ट्राध्यक्ष विचारला, बायकोचं नाव विचारलं."

"आणि तू सगळं बरोबर सांगितलंस?"

"वार कुठला ते स्टॅनने दाराशीच कानात सांगितलं." तो हसला आणि हसता हसताच त्याने कपाळ दाबून धरलं. "आर्डिस, एवढा एक शनिवार. यानंतर मी तुझा. पाहिजे तर डोकं काढून ठेव फडताळात."

एवढा एक शनिवार, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. देशातलं पहिलं कॉलेज कोणतं हे काही मैदानात ठरत नाही. कॉलेजं शेकडो, खेळायचे शनिवार जेमतेम दहा. सगळे सगळ्यांशी खेळणार कधी? म्हणून देशभरचे पेपरवाले दर आठवड्याला प्रत्येकी दहा कॉलेजांची नावं तारेने कळवतात. पहिल्या नावाला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं उतरत उतरत. कुठल्यातरी कचेरीत त्यांची बेरीज होते आणि मंगळवारी घरोघर पेपरात छापून येते. महिनाभर पूर्वेकडचं ब्रॅडवेल पहिलं होतं आणि आम्ही दुसरे. दोघंही एकही सामना न हरलेले. आम्ही एकमेकांशी कधी खेळलो नव्हतो, खेळणारही नव्हतो. आणि या शनिवारनंतरचं मतदान वर्षातलं शेवटचं. जानेवारीत खाली उबदार गावांत मोठे सामने होतात, पण ते कुणी जमेला धरत नाही. या मतदानात जो पहिला, तो वर्षाचा पहिला. मग पुढे तो हरो नाहीतर झोपा काढो.

"मी सव्वीस वर्षांचा आहे," वर्न म्हणाला होता. "आजपर्यंत लोकांनी मला कशावरून ओळखलं? युद्धात कुठल्या बेटावर होतास, यावरून. मला एकदा दुसऱ्या कशावरून तरी ओळखू दे."

मी घासाघीस केली. तो म्हणाला तीस, मी म्हणाले दहा. शेवटी विसावर आलो.

आता सत्तावीस झाले होते.

चारातला तिसरा डाव सुरू झाला आणि वर्नने पुन्हा एकदा मधून मुसंडी मारून रेषा ओलांडली; टचडाउन आणि त्यावरची किक मिळून सात गुण. चौतीस. लोक उभे राहिले, टोप्या उडाल्या. माझं लक्ष तो उठतो कसा याकडे होतं. तो आधी गुडघ्यावर आला, मग हात टेकून, मग स्टॅनच्या कोपराला धरून. कोच स्ट्रोबेलने बाकाकडे मान वळवली. बाकावर राखीव पोरं घोंगड्या पांघरून बसली होती. त्यातल्या एकाने घोंगडी टाकली आणि टोपीचा पट्टा आवळला. मी श्वास सोडला.

नेमक्या त्याच वेळी लाउडस्पीकर खरखरला.

"पूर्वेकडून निकाल आलाय, मंडळी. सामना संपला. ब्रॅडवेल बावन्न, प्रतिस्पर्धी शून्य."

मग आमच्या खालच्या रांगेतून एक जाडसा माणूस ओरडला, "मग आपण त्रेपन्न!" शेजारच्याने ते उचललं, त्याच्या शेजारच्याने उचललं, आणि बघता बघता अख्खी बाजू पाय आपटत म्हणायला लागली, "त्रेपन्न! त्रेपन्न!" समोरच्या बाजूलाही तेच. हा आकडा कुणी ठरवला नव्हता. मत देणारे शेकडो मैलांवर बसलेत, त्यांना आमचा खेळ दिसणार नाही, दिसेल तो नुसता आकडा. तेव्हा आकडा त्यांच्याहून मोठा पाहिजे, हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

कोचने हात केला. उभं राहिलेलं पोर पुन्हा घोंगडीत शिरलं.

"हे बरोबर नाही," मी म्हणाले.

"ब्रॅडवेलवाल्यांनी तरी कुठे बरोबर केलं?" विल्मा म्हणाली. "दुबळ्यांना पकडून बावन्न! लाज नाही मेल्यांना." आणि तीही पाय आपटायला लागली. मग माझ्याकडे बघून थांबली. "काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

मी तिला सगळं सांगितलं: करीनचं नाव, भिंत, उजेड, डॉक्टरांच्या दाराशी कानात सांगितलेला वार.

"आणि माझ्या गाढवाने त्याला वार सांगितला?"

तेवढ्यात सगळे हसले. मी मैदानाकडे पाहिलं. एक धडक होऊन गेली होती, दोन्ही संघ पुढच्या खेळीसाठी आपापली कोंडाळी करून उभे होते. आणि वर्न समोरच्यांच्या कोंडाळ्यात जाऊन उभा होता. पाठीवर आमचा लाल सदरा, आजूबाजूला सगळे पिवळे. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, तो त्यांचं बोलणं मन लावून ऐकत होता. पिवळ्या पोरांना काय करावं ते कळेना. स्टॅन धावत गेला आणि त्याने सदऱ्याला धरून त्याला ओढून आणलं. खालचा जाडसा माणूस डोळे पुसत म्हणाला, "वा रे हॅल्व्हर्सन! त्यांचे बेत ऐकायला गेला होता!"

पुढच्याच खेळीत चेंडू पुन्हा वर्नकडेच दिला, आणि तो पुन्हा रेषेपार गेला. एक्केचाळीस. पायांना सगळं आठवत होतं. डोक्याशिवाय चालत होते ते.

मी मांडीवरच्या करीनला घोंगडीत गुंडाळलं आणि खाली पळाले. कठड्यापाशी पोलीस उभा होता. "बाई, बायकांना पुढे जाता येत नाही."

"कोच!" मी कठड्यावरून ओरडले. "कोच स्ट्रोबेल!"

तिसऱ्या हाकेला त्यांनी वळून पाहिलं. चार पावलं जवळ आले, पण डोळे मैदानावरच.

"आर्डिस, आत्ता नाही."

"त्याला बसवा, कोच. त्याचं डोकं ठिकाणावर नाही. गेल्या शनिवारपासून नाही. तो त्यांच्यात जाऊन उभा राहिला, पाहिलंत ना तुम्ही?"

"दमलाय पोरगा."

"दमलेला माणूस सदऱ्याचा रंग विसरत नाही."

"हे बघ, आणखी दोन टचडाउन. पंचावन्न होतात. मग तुझा नवरा तुला, घरी ने आणि सूप पाज." ते निघाले, मग पुन्हा वळले. आवाज उतरला होता. "माझ्याकडे दुसरा कुणी असता तर मी त्याला केव्हाच बसवला असता. ती राखीव पोरं आत गेली की एक्केचाळीसचे बेचाळीस होणार नाहीत. आणि सोमवारी ते लोक आकडाच बघणार आहेत, पोरी. दुसरं काय बघतील?"

ते गेले. माझ्या डोक्यात त्यांचं शेवटचं वाक्य राहिलं. ते लोक. त्यातला एक माणूस इथेच होता. आमच्या गावच्या पेपरात खेळाचं पान लिहिणारे मिस्टर प्रॉक्टर. जिल्ह्यातलं एकमेव मत त्यांचं. लोक त्यांना रस्त्यात टोपी काढून नमस्कार करायचे ते काही त्यांच्या लिखाणासाठी नाही.

पेपरवाल्यांची खोली पश्चिमेच्या गॅलरीच्या डोक्यावर होती, लाकडी, पुढे काचा लावलेली. वर जायला उभा जिना. मी एका हाताने करीन आणि एका हाताने कठडा धरून चढले. मागून "त्रेपन्न" चालूच होतं. दर वेळी मैदानात धडक झाली की लोकांचा एक मोठा 'हं' ऐकू यायचा आणि माझं पाऊल पायरीवरच थबकायचं. मग पुन्हा आरडाओरड, म्हणजे उठला. मग मी पुढची पायरी चढायची.

दारावर पाटी: बायकांना प्रवेश नाही. मी लाथेने दार वाजवलं, हात मोकळा नव्हता. आतून तारयंत्राचं कट्कट्, सिगारेटचा धूर, आणि "कोण मरतंय तिकडे?"

"मिस्टर प्रॉक्टर आहेत का?"

मिस्टर प्रॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी दार पाठीमागे ओढून घेतलं. तोंडात चिरूट. "हॅल्व्हर्सनची बायको ना तू? अगं, या थंडीत पोराला घेऊन कुठे चढलीस?"

"मिस्टर प्रॉक्टर, तुमच्या मतात पहिलं कोण?"

"हे विचारायला आलीस? टॅल्मन. आणखी कोण?"

"त्रेपन्न झाले तर टॅल्मन. नाही झाले तर?"

"तरी टॅल्मन." त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्यापाशी ठेव हं. माझी तार सकाळीच गेली. उद्या पहाटे मी बदकांच्या शिकारीला निघतोय, तिकडे दलदलीत कुठे तारघर शोधू?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सामना व्हायच्या आधीच?"

"शेवटच्या आठवड्यात दर वर्षी. मी काही एकटा नाही, निम्मे तरी तसंच करत असतील. सगळ्यांनाच कुठेतरी जायचं असतं."

"आणि ब्रॅडवेल? त्यांना खेळताना तुम्ही पाहिलंय?"

"फोटोत."

"तिकडच्यांनी आपल्याला?"

"ते माझं लिहिलेलं वाचतात, मी त्यांचं वाचतो." त्यांनी चिरुटाची राख कठड्यावर झटकली. "असंच चालतं हे. मंगळवारी छापून येतं तेव्हा मात्र फार पक्कं वाटतं."

खाली मोठा 'हं' झाला. मी काचेतून वाकून पाहिलं. लाल-पिवळा ढीग एकेक करून सुटला. सगळ्यात खाली चव्वेचाळीस. तो उठला. टोपी सरळ करायची ती त्याने आणखीच तिरकी केली आणि तशीच राहू दिली.

"मग एवढंच खाली जाऊन कोचना सांगा," मी म्हणाले. "की मतं गेलीसुद्धा. की त्यांच्या त्रेपन्नाची कुणी वाट बघत बसलेलं नाही. माझा नवरा आजारी आहे, मिस्टर प्रॉक्टर. त्याला आणखी एक मार बसला तर..."

त्यांचा चेहरा बंद झाला. दुकानाची फळी लागावी तसा.

"ते नाही जमायचं. उद्या गावभर होईल, प्रॉक्टर सामना न बघताच मत देतो. मला इथे राहायचंय. आणि माझं सांगतो मी, बाकीच्यांचं कुठे माहीत आहे? कुणी एखादा थांबलाही असेल आकड्यासाठी. स्ट्रोबेल अगदीच वेडा नाहीये."

दाराआडून लाउडस्पीकरवाल्याचा आवाज आला. तो या खोलीतच बसायचा. हिरव्या गाडीचे दिवे चालू राहिलेत, मालकाने बघावं. डॉक्टर रीमर, तुमच्या घरून फोन आहे.

मी म्हणाले, "मग त्या माणसाला एक चिठ्ठी द्या. चव्वेचाळीस नंबरने ताबडतोब दक्षिणेच्या फाटकावर यावं. त्याची मुलगी अत्यवस्थ आहे."

मिस्टर प्रॉक्टरनी करीनकडे पाहिलं. करीनने चिरुटाकडे पाहिलं, आणि तिला इतका आनंद झाला की हातमोज्यातला हात पुढे करून ती खिदळायला लागली. गाल सफरचंदासारखे.

"ही?"

"ही."

त्यांनी चिरूट तिच्यापासून लांब धरला. खाली लोक पाय आपटत होते, खोलीच्या फळ्या हलत होत्या.

"अत्यवस्थ," ते म्हणाले. "दिसतंच आहे." आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं.

मी जिना निम्मा उतरले तरी काही ऐकू आलं नाही. वाटलं, आत जाऊन विसरले, की हसले? पोरं पुन्हा रांगेत उभी राहिली होती. वर्न मागे, हात गुडघ्यांवर. लाउडस्पीकर खरखरला, पण "त्रेपन्न"च्या गदारोळात मला नुसतं "चव्वेचाळीस" एवढंच कळलं, आणि लोकांना वाटलं कौतुक चाललंय. ते आणखी ओरडले. चेंडू मागे आला. वर्नच्या पोटात गेला. तो डोकं खाली घालून निघाला आणि माझे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा तो उभा होता. स्टॅनला धरून, पण उभा.

"चव्वेचाळीस नंबर, हॅल्व्हर्सन," लाउडस्पीकर पुन्हा म्हणाला, या वेळी सावकाश, शब्द सुटा करून. "दक्षिणेच्या फाटकावर या. तुमची मुलगी अत्यवस्थ आहे. पुन्हा सांगतो, हॅल्व्हर्सन, तुमची मुलगी."

पाय आपटणं एका बाजूने थांबत गेलं. स्टॅनने हात वर केला, वर्नला खांद्याला धरून वळवलं, आणि फाटकाच्या दिशेने हलकेच ढकललं. वर्न चालत निघाला. धावत नाही, चालत. पोरगी अत्यवस्थ असलेला बाप कधी असा चालतो का? पण हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.

मी फाटकाच्या जाळीपाशी पोहोचले, पोलिसाने मला आत घेतलं. विल्मा धापा टाकत मागून आली होती. वर्न आला. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी होती आणि उजव्याची बारीक. मी प्राणिशास्त्र शिकले होते. डोक्यात रक्त साकळलं की बाहुल्या अशा होतात, हे मला माहीत होतं.

"वर्न," मी म्हणाले.

त्याने टोपी काढली. कुणी परकी बाई समोर आली की काढायचा तशी. करीनकडे वाकून पाहिलं आणि गोड हसला.

"छान आहे हो बाळ," तो म्हणाला. "तुमची का, बाई?"

कोच लांबूनच ओरडत येत होते. "पोरीला काय झालंय? काय झालंय पोरीला? ही तर..." ते येऊन उभे राहिले. करीन त्यांच्याकडे बघून हसली. त्यांचा चेहरा लाल झाला. "आर्डिस! सगळ्या गावासमोर? तुला कळतंय तू काय केलंस ते?"

"पोरीला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "यालाच विचारा, ही कोण आहे."

"हा काय पोरखेळ—"

"विचारा."

कोच वर्नकडे वळले. "वर्न, अरे, ही बाई कोण?"

वर्न अदबीने थांबून राहिला, जणू ओळख करून देणं हे कोचचं काम आहे. मग त्याचे गुडघे दुमडले आणि कोचनीच त्याला झेलला.

पुढचं मला सलग आठवत नाही. विल्माने करीनला माझ्याकडून घेतलं. स्टॅन टोपी फेकून स्ट्रेचरबरोबर धावत होता. रुग्णवाहिकेचं दार लागताना मला मागून पुन्हा 'त्रेपन्न' ऐकू आलं. वरच्या रांगांना काय झालं ते दिसलं नव्हतं.

जिल्ह्याच्या इस्पितळात त्यांनी वर्नच्या कवटीला भोक पाडून आत साकळलेलं रक्त काढलं. सर्जन तरुण होता, युद्धातच शिकलेला. तो हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "आणखी एक धक्का बसला असता तर माझ्याकडे आणायची गरज उरली नसती." आता जगेल, म्हणाला. पण किती परत येईल ते सांगता यायचं नाही. "त्याला जे सांगाल ते खरं सांगा आणि दर वेळी तेच सांगा. एका जागी खिळा ठोकत राहायचा. धरला तर धरला."

सोमवारी त्याने मला ओळखलं. करीनला ओळखलं. पण नवीन काही टिकेना. नर्सने नाव सांगितलं की मान डोलवायचा आणि पाणी पिऊन होईपर्यंत विसरायचा. मी खिळा ठोकत होते. तू इस्पितळात आहेस. डोक्याला मार लागला होता. करीन बरी आहे. तो म्हणायचा, असं? आणि पाच मिनिटांनी मला विचारायचा, मी कुठे आहे?

मंगळवारी दुपारी विल्मा पेपर घेऊन आली.

"दुसरे," ती पलंगाच्या पायथ्याशी बसत म्हणाली. "थोडक्यात गेलं. एक्केचाळीसवरच राहिलं ना शेवटी. गाव तुझ्या नावाने खडे फोडतंय, ऐकून ठेव. वाण्याच्या दुकानात एक म्हातारा म्हणाला, त्या बाईने लाउडस्पीकरवरून आपलं पहिलं स्थान घालवलं. मी म्हटलं, आजोबा, त्रेपन्न गुणांचं लोणचं घालणार होतात का तुम्ही?"

मला मिस्टर प्रॉक्टरची तार सांगता आली असती. नाही सांगितली. चिठ्ठी त्यांनी आत दिली होती, तेवढं मी त्यांचं देणं लागत होते.

विल्मा गेल्यावर कोच आले. हॅट दोन्ही हातांत धरलेली. खुर्ची दाखवली तरी थोडा वेळ उभेच राहिले. बँडेजकडे बघायचे, मग खिडकीकडे. वर्नने त्यांना लगेच ओळखलं.

"कोच! शनिवारचा सामना झाला का?"

"झाला, बाळा."

"जिंकलो?"

"जिंकलो. एक्केचाळीस-शून्य."

वर्नचं तोंड उजळलं. "म्हणजे पहिले?"

कोचनी हॅट फिरवली. "दुसरे."

तो चेहरा असा पडला की कोचनी मानच वळवली. लहान मुलाच्या हातातून खाऊ पडावा तसा. मग वर्नचे डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांत काही उरलेलं नव्हतं.

"कोच! तुम्ही कधी आलात? सामना झाला का?"

पुन्हा सगळं. जिंकलो, एक्केचाळीस, म्हणजे पहिले? दुसरे. पुन्हा तोच चेहरा, पहिल्यांदाच कळल्यासारखा. कोचच्या कपाळाला घाम आला होता. आणखी थोड्या वेळाने वर्नने तिसऱ्यांदा विचारलं, "म्हणजे पहिले?" आणि कोच म्हणाले, "पहिले. हो. पहिले."

वर्न हसला. उशीवर मागे टेकला, हसतच राहिला. तो असा शेवटचा कधी हसला होता ते मला आठवेना. कोच माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं, मी हे तरी राहू देईन. मलाही वाटलं, राहू द्यावं.

"नाही, वर्न," मी म्हणाले. "दुसरे."

"आर्डिस, पाया पडतो," कोच पुटपुटले. "काय बिघडलं असतं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, दर वेळी तेच सांगायचं. बसा तुम्ही. तो पुन्हा विचारेल."

"मला नाही बघवत."

"बसा, कोच."

ते बसले. वर्न कुशीवर वळला. बाहेरच्या व्हरांड्यातून जेवणाची गाडी खडखडत गेली. करीनने माझ्या सदऱ्याचं बटण तोंडात धरलं होतं. मी वर्नचा श्वास मोजत बसले. कोच दोनदा उठायला निघाले आणि दोन्ही वेळा पुन्हा टेकले.

वर्नने डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग त्यांना.

"कोच," तो म्हणाला. "शनिवारी जिंकलो ना आपण?"

"जिंकलो."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. कोचनीही तोंड उघडून ठेवलं होतं.

वर्नने कपाळाला आठी घातली. "एवढं जिंकून दुसरेच," तो म्हणाला. "हे पेपरवाले म्हणजे ना..."

"काय म्हणालास?" मी उठून उभी राहिले. "पुन्हा म्हण."

"दुसरे," वर्न वैतागून म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना आत्ता. किती वेळा म्हणायला लावशील?"

मी करीनला कोचच्या मांडीवर ठेवलं आणि नर्सला बोलवायला पळाले.